डान्सहॉल गाणं नेमकं कशावर चालतं? ‘गेट बिझी’ समोर ठेवून मराठी ट्रॅक करतोय, तीन ठिकाणी अडलंय

धायरी_बीट्स

मंडळी, जमैकन गायक शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ समोर ठेवून एक मराठी डान्सहॉल (जमैकातलं नाचाचं संगीत) ट्रॅक बांधायचं चाललंय. गाणं २००३ चं. मे महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ते तीन आठवडे पहिलं होतं, आणि आजही पुण्यात कॉलेजच्या कार्यक्रमात लावा किंवा कोरेगाव पार्कात, पहिल्या टाळीला लोक उठतात. हे का होतं ते मला तांत्रिक अंगाने समजून घ्यायचंय.

सध्याच्या प्रोजेक्टची अवस्था अशी. टेम्पो १०८, म्हणजे मिनिटाला १०८ मात्रा. किक (ड्रमचा खालचा जाड ठोका) बारच्या चारही मात्रांवर, स्नेअर (वरचा कडक ठोका) १६ घरांच्या ग्रिडमध्ये, म्हणजे एका मात्रेला चार घरं धरून, ४, ७, १२ आणि १५ वर. डी मायनर पट्टी, बेसचा मूळ स्वर सगळ्यात खालचा डी. सुरुवातीला १६ बार नुसतं म्युझिक, मग कडवं, मग हुक (परत परत येणारी ओळ). खाली दोन पॅड (लांब पसरणारे सुरांचे थर), एक गिटार आणि एक बासरीचा तुकडा.

अडचणी: हेडफोनवर बेस भरपूर वाटतो, भाड्याच्या साउंडवर तो गायब होतो आणि नुसती किक धपधपते. नाचणारी मुलं रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नाचसंगीताच्याच स्टेप घेतात. तिसरं म्हणजे मराठी शब्द बीटवर बसत नाहीत, गायक ओढूनताणून जमैकन उच्चार करतो आणि ते ऐकवत नाही.

कृपया ‘फील आणा’ असा सल्ला नको, आकडे द्या.

रिदम_वेडा

आधी किक. चारही मात्रांवर किक आणि ४-७-१२-१५ वर स्नेअर म्हणजे शुद्ध रेगेटॉन. मुलं बरोबर नाचतायत, ट्रॅक चुकलाय. मुळात रेगेटॉनने तो ठेका डान्सहॉलमधूनच उचलला. स्टीली आणि क्लीव्ही या जमैकन जोडीचं १९८९ चं ‘फिश मार्केट’ आणि मग शाबा रँक्सचं ‘डेम बो’, हे त्याचं घराणं. त्यावरून २०२१ मध्ये अमेरिकेत मोठा खटला दाखल झाला. पण नातं जवळचं असलं तरी अंगात फरक आहे. रेगेटॉनमध्ये किक सरळ चालते, स्नेअर तिच्याशी भांडते. डान्सहॉलमध्ये किक स्वतःच तिरकी पडते आणि मध्ये मोकळी जागा राहते. नाचणारा त्या मोकळ्या जागेत गुडघ्यातून खाली जातो.

मांडणी अशी करून बघा. किक १ आणि ४ वर, स्नेअर किंवा रिमशॉट ७ वर. बारच्या दुसऱ्या अर्ध्यात किक १२ वर, स्नेअर १५ वर. ९ वर किक ठेवायची का, ते गाण्यावर आहे. कडव्यात ९ रिकामं सोडा आणि हुकमध्ये भरा, तेवढ्यानेच हुक उचलल्यासारखा वाटतो, नवीन वाद्य आणावं लागत नाही. तोंडाने म्हणा: तकिट तकिट तक. तीन, तीन, दोन. ओळखीचा ढोलकीवाला असेल तर त्याला हे शिकवावं लागणार नाही, फक्त केरव्याची ४+४ ची सवय बाजूला ठेव म्हणावं लागेल. हाय-हॅट ३, ७, ११, १५ वर हलकी. स्विंग (जोडीतलं दुसरं घर किंचित उशिरा पाडणं) ५२ ते ५५ टक्के. ५८ च्या वर नेलं की ठेका लंगडतो.

टेम्पो १०८ चा १०० करा. ‘गेट बिझी’ १०० च्या आसपास आहे. १०० चा दुसरा फायदा हिशोबाचा: एक मात्रा ६०० मिलिसेकंद, एक घर १५०, एक बार २.४ सेकंद. आवाजावर डिले (प्रतिध्वनी) लावायचा असेल तर तीन घरांचा, म्हणजे ४५० मिलिसेकंद. तो ३+३+२ मध्ये आपोआप बसतो. फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येण्याचं प्रमाण) २५ टक्क्यांपुढे नको आणि डिलेच्या खालचं ४०० हर्ट्झपर्यंत कापून टाका, नाहीतर पुढचा शब्द बुडतो.

आता तुमचा इंट्रो. १०८ ला १६ बार म्हणजे ३५ सेकंदांहून जास्त. एवढ्यात माणूस पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. १०० वर ४ बारचा इंट्रो करा, ९.६ सेकंद होतात. त्यातही दुसऱ्या बारपासून गायकाची हाळी हवी. मग हुक ८ बार. म्हणजे तिसावं सेकंद उजाडायच्या आत ऐकणाऱ्याने पूर्ण हुक एकदा ऐकलेला असतो. कडवं त्यानंतर.

‘गेट बिझी’च्या यशाचं म्हणाल तर मी तरी पहिलं श्रेय त्याच्या रिदमला देईन. जमैकात गाण्याच्या खालच्या वाद्यसंगीताला रिदम म्हणतात, त्याला स्वतंत्र नाव असतं, आणि एकच रिदम अनेक गायकांना दिलं जातं. हे रिदम स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनचं, नाव चक्क ‘दिवाळी’. (नाव दिवाळी आहे म्हणून त्यात आपली ढोलकी शोधत बसू नका. पुण्यात हा मोह सगळ्यांना होतो.) त्यात सगळ्यात पुढे आहेत टाळ्या. ऑफबीटला पडणाऱ्या, वाद्याऐवजी माणसांच्या वाटणाऱ्या. त्याखाली किक आणि बेस. स्वरवाद्य अगदी थोडं आणि तेच तेच. मधल्या पट्ट्यात, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये, आवाजासाठी जवळजवळ सगळी जागा मोकळी.

तुमच्याकडे त्याच पट्ट्यात दोन पॅड, गिटार आणि बासरी बसलीय. चारही म्यूट करा. फक्त ड्रम, बेस आणि गळा ठेवून हुक ऐका. एवढ्यावर उभं राहत नसेल तर पॅडने राहणार नाही. उभं राहिलं तर बासरी परत आणा, पण एकाच जागी: हुकच्या चौथ्या बारमध्ये, गायक श्वास घेतो तिथे.

आणि एक गोष्ट, जी एकट्या गाण्याकडे बघून कळत नाही. त्याच वेळी त्याच ‘दिवाळी’वर वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ रेडिओवर होतं, ते हॉट १०० मध्ये ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या लुमिडीचं ‘नेव्हर लीव्ह यू’ तिसऱ्यापर्यंत. तीन वेगळी गाणी, तीन वेगळे गळे, एक गोड गाणारा, एक तालावर बोलणारा, एक मुलगी अगदी साध्या आवाजात, आणि खाली त्याच टाळ्या. कोणतंही एक लागलं तरी कान बाकी दोघांसाठी तयार होत होते. क्लबमध्ये तर टेम्पो जुळवायचीही गरज नाही, एकातून दुसऱ्यात सरळ उडी. जमैकात याला जगलिंग म्हणतात. म्हणून माझं मत असं की एक गाणं करू नका. एक रिदम करा आणि पुण्यातल्या तीन-चार वेगळ्या गळ्यांना द्या.

कसबा_सिलेक्टर

वरचं ठेक्याबद्दलचं सगळं मान्य. यशाचं श्रेय मात्र एवढं रिदमला द्यायला मी तयार नाही. ‘दिवाळी’वर डझनावारी गाणी झाली. बाउंटी किलरचं ‘सफरर’ त्यावरच आहे, आणि जमैकात ते जोरात होतं. हॉट १०० च्या डोक्यावर एकच गेलं. का?

कारण रस्ता आधीच बांधलेला होता. शॉन पॉलचं ‘गिमी द लाइट’ त्याआधी अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. म्हणजे रेडिओवाल्यांना नाव माहीत होतं, आवाज माहीत होता. ‘डटी रॉक’ अल्बम नोव्हेंबर २००२ मध्ये आला तो व्हीपी रेकॉर्ड्स आणि अटलांटिक या दोघांचा मिळून. व्हीपी ही न्यू यॉर्कच्या क्वीन्समधली कॅरिबियन संगीताची जुनी पेढी. कुठल्या दुकानात, कुठल्या क्लबात माल ठेवायचा हे तिला पाठ. अटलांटिककडे देशभरच्या रेडिओची आणि टीव्हीची ताकद. डान्सहॉलची कित्येक उत्तम गाणी पहिल्या पायरीवरच थांबली, कारण दुसरी पायरीच नव्हती. ‘डटी रॉक’ला पुढे २००४ मध्ये सर्वोत्तम रेगे अल्बमचा ग्रॅमीही मिळाला, पण तोवर काम झालेलं होतं. आणि ही एकदाच लागलेली लॉटरीही नव्हे: २००६ मध्ये ‘टेम्परेचर’ पुन्हा पहिलं आलं, वेगळ्या रिदमवर, वेगळ्या निर्मात्याबरोबर. तोच गळा, तोच रस्ता.

पुण्यात याचा अर्थ काय? तुमची पहिली पायरी म्हणजे नृत्याचे वर्ग, कॉलेजचे ग्रुप आणि डीजे लोक. त्यांच्या हातात गाणं रिलीजच्या निदान तीन आठवडे आधी पडायला हवं. आणि एक फाइल देऊन भागत नाही. डीजेला चार गोष्टी द्या: पूर्ण गाणं, नुसतं रिदम, नुसता गळा, आणि पुढे-मागे ८-८ बार फक्त ड्रम असलेली आवृत्ती. सगळ्या वेव्ह (WAV) फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी. एमपीथ्री दिलीत तरी चालेल, पण ३२० केबीपीएसच्या खाली नको. मोठ्या साउंडवर टाळ्यांचा वरचा भाग फाटतो.

स्टेपचं बोलायचं तर डान्सहॉलमध्ये गाणं आणि स्टेप एकमेकांना ओढतात. स्टेपला नाव असतं, नाव गाण्यात असतं, आणि ती कशी करायची तेही गाण्यातच सांगितलेलं असतं. एलिफंट मॅनची कितीतरी गाणी म्हणजे चालता-बोलता नृत्यवर्ग. २००८ ला बीजिंगमध्ये उसेन बोल्टने शर्यत जिंकून ‘गली क्रीपर’ केलं आणि किंग्स्टनच्या गल्लीतली स्टेप जगाने पाहिली. त्यामुळे हुकमध्ये एक कृती असू द्या, शरीराच्या एकाच भागाची, उभ्याने करता येईल अशी, दाटीतही जमेल अशी. लग्नाच्या हॉलमध्ये शालू नेसलेल्या बाईला आणि मांडवात उभ्या काकांना जमली, तर ती चालली समजा. खाली बसून उठायची स्टेप रीलमध्ये छान दिसते, गर्दीत कोणी करत नाही.

रीलचा हिशोबही त्यातच: १०० टेम्पोला ६ बार म्हणजे १४.४ सेकंद. तुकडा मध्येच तुटू नये म्हणून कृतीची ओळ पहिल्या दोन बारमध्ये आणा आणि पाचव्या-सहाव्यात पुन्हा घ्या.

टॉपबेस

बेस गायब होण्याचं उत्तर सरळ आहे. सगळ्यात खालचा डी म्हणजे ३६.७ हर्ट्झ. पुण्यात भाड्याने मिळणारे बहुतेक १८ इंची बेस स्पीकर किकच्या ठोशासाठी लावलेले असतात, त्यांची मजा ५० ते ९० हर्ट्झमध्ये. ३५-४० च्या खाली साउंडवाला स्वतःच कापतो, आणि त्याने कापायलाच हवं, नाहीतर कॉइल जळते. म्हणजे तुमचा मूळ स्वर त्या स्पीकरमधून बाहेर येतच नाही. हेडफोनमध्ये येतो कारण तो कानाला चिकटलेला असतो.

इलाज तीन, आणि तिन्ही करा. एक, पट्टी वर न्या. जी म्हणजे ४९ हर्ट्झ, ए म्हणजे ५५. गायकाला जी मायनर झेपत असेल तर तिथेच थांबा. दोन, बेसची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर घेऊन तिच्यावर सॅच्युरेशन (स्वराचे वरचे अंश वाढवणारी हलकी विकृती) चढवा, खालचं १०० हर्ट्झपर्यंत कापा, वरचं ८०० च्या पुढे कापा, आणि मूळ बेसच्या खाली ८ ते १० डेसिबल ठेवून मिसळा. मोबाइलच्या स्पीकरवर ४९ हर्ट्झ कधीच वाजणार नाही. पण ९८, १४७, १९६ असे त्याचे वरचे अंश थोडेफार वाजले की कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो. रिक्षात ऐकणाऱ्याला बेस कळतो तो एवढ्याने. तीन, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. भाड्याच्या साउंडवर डाव्या-उजव्या बेस स्पीकरमध्ये अंतर असतं. बेस स्टिरिओ ठेवलात तर हॉलच्या मध्ये एक भोक पडतं, नेमकं लोक नाचतात तिथे.

किक आणि बेस एकाच घरात पडतात तिथे बेसला साइडचेनने (किक वाजली की बेस आपोआप खाली जाईल अशी जोडणी) ३ ते ४ डेसिबल दाबा. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २-३ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) ८० ते १००. १०० टेम्पोला एक घर १५० मिलिसेकंदांचं आहे, त्यामुळे रिलीज १५० च्या पुढे गेला की बेस पुढच्या घरापर्यंत वर येतच नाही आणि गाणं धापा टाकतं. हाउस म्युझिकमध्ये ते चालतं, इथे नाही. डान्सहॉलमध्ये बेस गाणं म्हणतो, त्याला श्वास पाहिजे.

किक लांब ठेवू नका. २५० मिलिसेकंदांच्या आत संपायला हवी. हिप-हॉपमधली ‘८०८’ ड्रम मशीनची लांब किक टाकली की ४ थ्या घरातली दुसरी किक पहिलीच्या शेपटीवर पडते आणि दोन्ही चिखल.

मास्टरिंग: डॉल्बीवाल्यांसाठी म्हणून मास्टर ठोकून चपटा करू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लुफ्सला (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, यूट्यूबही मोठं गाणं खाली ओढतं. उणे ९ किंवा १० पर्यंत आणलंत तर डान्सच्या गाण्याला पुरे. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १. त्यापुढे ढकललंत तर पहिल्या मरतात त्या टाळ्या, आणि मग शॉन पॉलचं नाव कशाला घ्यायचं!

साउंडचेकला ट्रॅक नेताना साउंडवाल्याला एवढंच विचारा: बेसचा क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झच्या खालचं बेस स्पीकरकडे जातं ती सीमा) किती आहे? ८० ते १०० मध्ये असेल तर ठीक. १२० च्या वर असेल तर पुरुष गायकाचा आवाज बेस स्पीकरमधून गुरगुरतो. खुल्या लॉनवर कार्यक्रम असेल तर रात्री १० ची मर्यादा धरूनच क्रम लावा. तुमचं नवीन गाणं ९.५० ला ठेवू नका. त्या वेळी आयोजकाचं लक्ष घड्याळाकडे आणि साउंडवाल्याचा हात मास्टरच्या फेडरवर असतो.

धायरी_बीट्स

किक बदलली, टेम्पो १०० केला, जी मायनरला आणलं. म्यूट करून ऐकल्यावर कळलं की हुकच कच्चा आहे, त्यावर काम चालू. आता दोन प्रश्न. मराठी शब्दांचं कसं करायचं? आणि चार गळ्यांची कल्पना आवडली, पण मग मूळ ‘दिवाळी’चंच इन्स्ट्रुमेंटल यूट्यूबवरून घेऊन त्यावर चौघांना गायला लावलं तर? जमैकात तसंच करतात ना?

लघुगुरू

शब्दांचं उत्तर मराठी छंदाच्या मात्रांमध्ये आहे (वर ठेक्याच्या मात्रा म्हटल्या त्या नव्हेत). १६ घरं म्हणजे १६ मात्रा धरा: लघू एक घर, गुरू दोन. आपलं पादाकुलक वृत्त ८+८ मात्रांचंच असतं, म्हणजे एक ओळ एका बारमध्ये अलगद मावते. फक्त आठाची फोड ४+४ ऐवजी ३+३+२ करायची. गुरू-लघू, गुरू-लघू, गुरू. उदाहरणार्थ ‘नाच आज तू’: ना-च, आ-ज, तू. ‘थांब ना जरा’: थां-ब, ना-ज, रा. प्रत्येक गटाचं पहिलं अक्षर १, ४, ७ या घरांवर येतं आणि शेवटचा गुरू स्नेअरवर आपटतो. ‘नाच’मधला च बोलताना अर्धा होतो, होऊ दे. त्याचं घर रिकामं राहतं आणि ठेका उलट जास्त कळतो.

हुकसाठी हाच साचा वापरा, पण कडवंभर तोच चालवलात तर बालगीत होईल. कडव्यात सलग लघू अक्षरांची धाव घ्यायची: १०० टेम्पोला प्रत्येक घरात एक अक्षर म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या वर अक्षरं. हे झेपतं, पण जोडाक्षरांनी पाय अडकतो. ‘स्पष्ट’, ‘दुष्ट’, ‘कट्ट्यावर’ असले शब्द धावेच्या मध्ये नकोत. ओळीच्या शेवटी, स्नेअरवर, ते उलट फार छान फुटतात. धाव दीड बार, मग अर्धा बार गप्प. गप्प बसणं हाच डान्सहॉलच्या गायकीचा अर्धा भाग आहे. आपले रॅपवाले तीही जागा भरून टाकतात.

जमैकन उच्चाराची नक्कल बंद करा. तो लहेजा पात्वा बोलीचा आहे, मराठी स्वरांवर तो चढतच नाही. जे घ्यायचं ते स्वराचं: डान्सहॉलचा गायक पूर्ण चाल गात नाही, दोन-तीन स्वरांवर बोलतो आणि ओळीच्या टोकाला एखादा स्वर वर उचलतो. शॉन पॉलचं ऐका, बराच वेळ तो एकाच स्वरावर ठाण मांडून असतो. मराठीत हे परकं नाही. वासुदेवाच्या बोलण्यात, गोंधळ्याच्या संवादात, बाजारातल्या हाळीत तेच आहे. गायकाला सांगा, मंडईत भाव ओरडतात तसं म्हण, फक्त तालात.

सुरुवातीच्या चार बारमध्ये वस्त्यांची नावं पुकारता येतील. साउंड सिस्टिमच्या माइकवरून अशी हाक द्यायची रीत जमैकात पहिल्यापासूनची आहे. कोथरूड, हडपसर, येरवडा, धायरी. फक्त क्रम लावताना मात्रा मोजा. ‘हडपसर’ नुसतं लघूंचं आहे, ते शेवटी ठेवलंत तर स्नेअरवर काही उरत नाही. ‘धायरी’ मात्र शेवटी मस्त बसतं.

कसबा_सिलेक्टर

नावं पुकारताना निम्म्या पुण्याचं नाव राहिलं की कॉमेंटमध्ये भांडणं होतात. तेवढी प्रसिद्धी फुकट.

हक्काचं_बोला

‘दिवाळी’चं इन्स्ट्रुमेंटल यूट्यूबवरून घेण्याबद्दल: घरी सरावाला वापरा, अपलोड करू नका. जमैकात निर्माता स्वतः आपलं रिदम गायकांना देतो. म्हणजे परवानगी तिथे पहिल्या पायरीलाच आहे. वेन वंडर आणि शॉन पॉल यांनी ते कुठून उतरवून घेतलं नव्हतं. तुम्हाला दोन वेगळ्या परवानग्या लागतील, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि एक संगीतरचनेच्या हक्कदाराची. त्याशिवाय टाकलंत तर कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, काही मिनिटांत पकडते. एकतर कमाई तिकडे जाते, नाहीतर गाणं उडतं. आपल्या कायद्यात कव्हर व्हर्जनसाठी कलम ३१ सी आहे, पण ते मूळ गाणं पुन्हा गाण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मुद्रणावर नवे शब्द चढवायला त्याचा आधार मिळत नाही.

इंटरनेटवरून विकत घेतलेल्या बीटचीही तीच काळजी. स्वस्तातला करार बहुतेक वेळा सामायिक असतो. तेच बीट आणखी कितीही जण घेतात. त्यावरचं गाणं कंटेंट आयडीत नोंदवलंत तर तुमची नोंद दुसऱ्या ग्राहकाच्या गाण्यावर दावा ठोकते आणि करारभंग तुमच्या नावावर लागतो. वेगवेगळे ट्रॅकही मिळत नाहीत, म्हणजे वर टॉपबेस यांनी सांगितलेलं बेसचं काम करताच येत नाही.

तेव्हा रिदम स्वतःचंच बनवा. महागड्या यंत्रांवाचून अडत नाही. १९८५ मध्ये किंग जॅमीच्या स्टुडिओतून आलेलं वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ एका घरगुती कॅसिओ एमटी-४० कीबोर्डात आधीच भरलेल्या ‘रॉक’ ठेक्यावर उभं आहे. तो ठेका बनवला होता हिरोको ओकुदा या कॅसिओच्या कर्मचारी बाईंनी. जमैकन लोकांनी त्याचा वेग उतरवला आणि अख्ख्या डान्सहॉलची दिशा फिरली.

चार गळ्यांचं गाणं करताना कागद आधी. रिदम बनवणाऱ्याचा संगीताचा वाटा किती, शब्द लिहिणाऱ्याचा किती, हे प्रत्येक गाण्याला वेगळं लिहून सह्या घ्या, रेकॉर्डिंगच्या आधी. नंतर घेतलेली सही मैत्री मोडते. चार गाणी म्हणजे चार आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे वेगळे ओळख) क्रमांक, आणि नुसतं रिदम प्रसिद्ध करणार असाल तर पाचवा. एकच क्रमांक चौघांना लावला की स्ट्रीमची मोजणी एकमेकांत मिसळते आणि ती सोडवता सोडवता वितरकाच्या ईमेलमध्ये आयुष्य जातं. आयपीआरएसचं (शब्दकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व शब्दकार आणि संगीतकार दोघांनी घ्या, रचना तिथे वाट्यांसकट नोंदवा. रिदमला स्वतःचं नाव द्या आणि ते चारही गाण्यांच्या माहितीत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला चारही एकत्र सापडतील.

शेवटचं, इथे कोणी काढलं नाही म्हणून. सेटमध्ये जुनी जमैकन गाणी मिसळणार असाल तर शब्द वाचून घ्या. पात्वा कळत नाही म्हणून बरीच गाणी बेधडक लागतात, आणि काहींमध्ये समलैंगिकांविरुद्ध उघड हिंसेची भाषा आहे. त्याच कारणाने जगभर कार्यक्रम रद्द झाले आहेत. जमैकन गायक बुजू बँटनने १९९० च्या दशकातलं आपलं असं एक गाणं २०१९ मध्ये स्वतःहून यादीतून काढलं.

धायरी_बीट्स

सगळ्यांचे आभार, वही भरली. एक राहिलं: टाळ्या. सॅम्पल पॅकमधल्या सगळ्या पत्र्यासारख्या वाटतात. खऱ्या रेकॉर्ड करायच्या तर कशा?

रिदम_वेडा

तीन-चार माणसं घ्या, जाड आणि बारीक हातांची मिसळ असू द्या. फरशीची खोली, गालिचा नको, पण एकदम रिकामी खोलीही नको, घुमते. साधा कंडेन्सर माइक छातीच्या उंचीवर, माणसं त्यापासून दीड ते दोन मीटरवर अर्धवर्तुळात. जवळून घेतलेली टाळी चापट वाटते. अर्धे जण बोटं तळव्यावर मारतील, अर्धे ओंजळीची पोकळ टाळी देतील. १०० च्या क्लिकवर ८ बार, असे ६ ते ८ थर. दर थराला जागा बदला.

मग सगळ्यांत घट्ट पडलेला थर मध्यभागी, बाकीचे डावी-उजवीकडे ३० ते ६० टक्के. ग्रिडला चिकटवू नका. १० ते १५ मिलिसेकंदांचा पसारा राहू दे, त्यातच गर्दी ऐकू येते. ३० च्या पुढे गेलेली टाळी मात्र हाताने ओढून आणा. ३०० हर्ट्झच्या खालचं कापा, १.२ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल वर, ८ च्या वरचं थोडं खाली. रिव्हर्ब अर्ध्या सेकंदाहून कमी. कॉम्प्रेसर लावलाच तर अटॅक २० मिलिसेकंदांच्या वर ठेवा, नाहीतर टाळीचं तोंडच कापलं जाईल. आणि पंखा बंद करा. प्रत्येक थरात तो येतो, आठ थर झाले की हाय-हॅटच्या जागी पंखाच ऐकू येतो.